इंटरव्हलनंतर न दिसलेला माणूस

जगात पिच्चरांचे दुसरे भाग कसे निघतात ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी सांगावं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, बेअरिंगच्या एका कारखान्यात, कॅन्टीनमागच्या कडुलिंबाखाली जे दुसरे भाग निघत ते कुणी काढलेले नव्हते, कुठल्या थेटरात लागलेले नव्हते, आणि तरी पहिल्या भागाला मागे टाकतील असे होते. ते ऐकायला लोक डबा अर्धा टाकून यायचे. मल्हारी त्यात सगळ्यांच्या पुढे असायचा. त्याच दुसऱ्या भागांपायी पुढे त्याची मान खाली गेली आणि ती अजून पुरती वर आलेली नाही.

मल्हारी पिशोरच्या पलीकडचा, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीचा. घर धनगराचं. बाप सूर्यभान मेंढरांमागे, आई म्हाळसाबाई लोकर कातायला, आणि हा एकुलता एक लेक दहावीला आपटून शहराला पळालेला. तेव्हा औरंगाबादेत कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते. ज्याला हातपाय होते आणि जो शिफ्टला वेळेवर येत होता, त्याला काम मिळत होतं. मल्हारीलाही मिळालं. मग गारखेड्यात खोली आली, सायकल आली, बायको बानाबाई आली. सासू म्हाळसा आणि सून बाना, खंडोबाच्या दोन बायकांचीच नावं, तेव्हा या दोघींचं भांडण देवादिकांपासूनचं आहे, आपण मधे पडायचं कारण नाही, असं तो म्हणायचा.

कारखान्यात रिवाज असा होता, की नवा पिच्चर लागला की पाळीप्रमाणे एकाने जाऊन तो बघायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना सांगायचा, मारामारीसकट. बहुतेक जण तो असा सांगायचे की ऐकणाऱ्याला जांभया याव्यात. पण सांडू साळवेची पाळी आली की लिंबाखाली जागा पुरायची नाही.

सांडू मल्हारीच्या शेजारच्या मशीनवर होता. फुलंब्रीकडच्या एका खेड्याचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, आणि त्यात सांडूचं घर जळालं. तो त्याबद्दल कधी बोलत नसे. एकदाच म्हणाला, "आमच्या घराचा पहिला भाग तव्हाच संपला," आणि हसला. मल्हारीही हसला, आणि मग त्याला वाटलं की आपण हसायला नको होतं.

सांडू पिच्चर सांगून संपवायचा आणि डबा बंद करायचा. तोवर कुणीतरी विचारायचंच, "पुढं काय झालं?" मग सांडू डबा परत उघडायचा आणि दुसरा भाग सुरू व्हायचा. हे सगळं त्याच्या डोक्यातलं. पण त्याचा एक नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नाही.

"इंटरव्हलआधी जो दिसला अन् इंटरव्हलनंतर दिसलाच नाय, दुसरा भाग त्याचा," तो म्हणायचा. "पहिल्या भागात लगीन लावायची घाई आसती. त्या घाईत कोणीतरी पायाखाली येतं. पिच्चर काढणाराबी त्याला इसरतो अन् बघणाराबी. दुसऱ्या भागाला घाई नसती. तो मागं वळून बघतो. म्हणून तो भारी होतो."

एकदा एक जण म्हणाला, की दुसरा भाग म्हणजे उसाच्या चिपाडातून काढलेला रस, त्याला कसली आली चव? त्यावर सांडूच्या आधी मल्हारीच उसळला. "आमच्या देवाचंच घ्या की! म्हाळसेशी लगीन झालं तो पहिला भाग. बानूपायी देव सोता धनगराच्या घरी मेंढरं राखायला ऱ्हायला, तो दुसरा. जागरणात लोक कोणत्या भागाला डुलक्या घेत्यात अन् कोणत्या भागाला जागे ऱ्हात्यात, सांगा बरं!" सगळे हसले. सांडूने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा मव्हा दोस्त. ह्याला कळतं." मल्हारीला ती थाप आठवते.

एका साली एक पिच्चर आला होता. सावकाराची पोरगी, तिच्यावर जीव टाकणारा गरीब हिरो, आणि हिरोचा जिवलग एक टांगेवाला. देवळातला चांदीचा मुकुट चोरीला जातो. चोर असतो सावकाराचा पोरगा, हे हिरो डोळ्यांनी बघतो. पण आळ येतो टांगेवाल्यावर. हिरो बोलत नाही, कारण बोलला तर लग्न मोडेल. पोलीस टांगेवाल्याला नेतात आणि इंटरव्हल होतो. नंतर गाणी, नाच, रुसवे, फुगवे आणि धूमधडाक्यात लग्न. टांगेवाला पुन्हा दिसत नाही.

सांडूचा दुसरा भाग तुरुंगाच्या दारात सुरू झाला. दारात टांग्याचा घोडा उभा, म्हातारा झालेला, मालकाची वाट बघत. सुटलेला टांगेवाला त्या घोड्याला घेऊन गावी येतो. हिरो आता सावकाराच्या गादीवर बसलेला. दारात पंगत चालू असते, टांगेवाला शेवटच्या पानावर येऊन बसतो. म्हातारा सासरा जावयाला विचारतो, "हा कोण?" सगळी पंगत जेवायची थांबते. आणि हिरो उठून म्हणतो, "हा माझा दोस्त. चोर हा नव्हता. मला ठाऊक होतं, आणि मी गप बसलो."

भोंगा झाला तरी दोघंतिघं तसेच बसून राहिले.

सुट्टीच्या दिवशी मल्हारी वाडीला जायचा. बापाची मेंढरं तेव्हा आप्पासाहेबांच्या शेतात बसायची. आप्पासाहेब पिशोरकडचे मोठे जमीनदार. धनगराने कळप रात्री शेतात बसवायचा, मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन पोसायची, आणि त्याबदल्यात मालकाने धान्य द्यायचं, पाणी द्यायचं, असा तिथला जुना व्यवहार. मालक चांगला मिळाला तर धनगराचा उन्हाळा सुखात जातो. तिन्हीसांजेला मेंढरं आत घेतली की माणसं जमायची आणि मल्हारी पिच्चर सांगायचा. पहिला भाग संपला की दुसराही सांगायचा, सांडूच्याच शब्दांत, सांडूच्याच हातवाऱ्यांसह. फक्त सांडूचं नाव कुठे यायचं नाही. दुसरे भाग शहरातल्या थेटरात लागतात, असं त्याने ठोकून दिलं होतं. आप्पासाहेब बाजेवर बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "सूर्यभान, तुह्या पोरानं शहरात जाऊन काय कमावलं आसंल तर हे." बापाची छाती फुगायची. मेंढरं आप्पासाहेबांच्या शेतात राहायची.

टांगेवाल्याचा दुसरा भाग त्याने महिनाभर पुरवून पुरवून सांगितला. टांगेवाला पंगतीला येऊन बसतो, सासरा विचारतो "हा कोण?", तिथे आणून थांबवला. लोक हातापाया पडले. हा ऐटीत म्हणाला, "शेवट पडद्यावरच बघा."

नको तिथे तोंड चाललं की असंच होतं. आप्पासाहेबांनी मनावर घेतलं. चंपाषष्ठीला खंडोबाची जत्रा, तंबूतला सिनेमा येणारच होता. त्यांनी तंबूवाल्याला सांगून धाडलं, की यंदा टांगेवाल्याचा दुसरा भाग आण. तंबूवाला पोट धरून हसला. असा पिच्चर निघालाच नाही म्हणाला. आता आप्पासाहेबांना चार गावांत हसं झाल्यासारखं झालं. त्यांनी सूर्यभानला बोलावून एवढंच विचारलं, "तुव्हं पोरगं आमाला येडं समजतं काय?" आणि मेंढरांचं काय करायचं ते जत्रेनंतर बघू म्हणाले.

मल्हारीने बापाचं तोंड पाहिलं आणि दुसरी थाप मारली. पिच्चर तंबूपर्यंत आला नसेल, पण मुंबईला लागला होता, आणि तो चार वेळा बघितलेला माणूस माझ्याकडे आहे, त्याला जत्रेला घेऊन येतो, तो शेवटासकट सांगेल. आप्पासाहेब म्हणाले, आण.

सांडू लगेच हो म्हणाला. "तुह्या बापाच्या मेंढरांसाठी मी पहाटंपस्तोर सांगंन," म्हणाला. तेव्हाही मल्हारीने पुढचं काही सांगितलं नाही. एसटीतून निघाल्यावरही नाही. पिशोरच्या स्टँडवर उतरले, पायी निघाले, वाडीवरचं देऊळ दिसायला लागलं, तेव्हा त्याने बाभळीखाली सांडूला थांबवलं.

"सांडू, तिकडं वातावरण लई तापलेलं हे. नामांतराचं नाव काढलं की लोकं अंगावर येत्यात. आप्पासाहेब तर... तू तेवढं साळवे म्हणू नको. खरात म्हण. खरात आमच्यातबी आसत्यात. मव्हा मावसभाऊ म्हणून सांगू."

सांडू देवळाकडे बघत राहिला. रागावला असता तर मल्हारीला बरं वाटलं असतं.

"एका नावापायी मव्हं घर गेलं, मल्हारी," तो शांतपणे म्हणाला. "अन् तू म्हणतो, उरलेलं नाव इथं बाभळीखाली ठिवून चल."

"मव्हा बाप उघड्यावर येईल रे."

"चल," सांडू म्हणाला. "बापासाठी येतो. पर ते नाव मी मव्ह्या तोंडानं सांगणार नाय. तुलाच सांगावं लागंल."

आणि मल्हारीनेच सांगितलं. देवळाशेजारच्या आप्पासाहेबांच्या ओट्यावर, चार प्रतिष्ठितांसमोर, न अडखळता. "हा सांडू खरात. मव्हा मावसभाऊ. फुलंब्रीकडं ऱ्हातो." कपबशीतून चहा आला. त्या गावात सांडूच्या माणसांसाठी कोनाड्यात वेगळे कान तुटलेले कप असत, हे मल्हारीला लहानपणापासून माहीत होतं. आज चांगली कपबशी आली. सांडूने ती हातात घेतली, बघितली आणि खाली ठेवली. "मी चहा सोडलाय," म्हणाला. कारखान्यात दोघं रोज एकाच किटलीतला चहा प्यायचे.

आप्पासाहेबांची नजर बारीक होती. त्यांनी बायकांत बसलेल्या म्हाळसाबाईला हाक मारली. "काय गं म्हाळसाबाई, तुला फुलंब्रीकडं बहीण हे, आमाला कधी बोलली नाय?"

मावसभाऊ म्हणून थाप मारताना मल्हारीला एवढंही सुचलं नव्हतं, की धनगराच्या वाडीत कुणाची सोयरीक कुठे हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हाळसाबाई उठली. आधी लेकाकडे पाहिलं. मग सांडूकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग ती देवळाच्या पायरीवरच्या वाटीतून भंडारा घेऊन आली आणि तिने तो सांडूच्या कपाळाला लावला.

"हे ना," ती म्हणाली. "मव्ह्या बहिणीचा ल्योक हे हा."

सांडूच्या घरात देव नव्हते. भंडारा त्याला चालणारा नव्हता, हे मल्हारीला माहीत होतं. पण म्हातारीचा हात कपाळाशी आला तेव्हा सांडूने मान मागे घेतली नाही.

मग त्याने टांगेवाला सांगितला. असा त्याने कारखान्यातही कधी सांगितला नव्हता. तुरुंगाच्या दारातला घोडा आला तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. जत्रेतले पाळणे रिकामे फिरायला लागले. आप्पासाहेब बाजेवरून पुढे सरकले. टांगेवाला पंगतीत येऊन बसला, पंगत जेवायची थांबली, सासऱ्याने विचारलं, "हा कोण?"

आणि सांडू थांबला. पाण्याचा तांब्या उचलून खाली ठेवल्यासारखा अगदी सहज म्हणाला, "हितून पुढचं मल्हारी सांगंल. त्याला पाठ हे."

सगळी जत्रा मल्हारीकडे बघायला लागली. शेवट त्याला खरोखर पाठ होता. पहिले शब्द होते, "हा माझा दोस्त." त्याने तोंड उघडलं. समोर आप्पासाहेब, शेजारी बाप, आणि कपाळाला भंडारा लावून सांडू खरात. ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात. मघाशी याच तोंडाने तो वेगळं नाव सांगून बसला होता.

"हिरो म्हणला," मल्हारी म्हणाला, "हा कोण ते मला ठाऊक नाय. आसंल कोणी वाटसरू. जेवू द्या त्याला."

मग त्याने भराभर जुळवलं. दरोडेखोर येतात, टांगेवाला हिरोला वाचवता वाचवता गोळी खातो, हसत हसत मरतो, घोडाही प्राण सोडतो. टाळ्या वाजल्या. आप्पासाहेबांनी मांडीवर हात मारला. "वा रे गड्या! पहिल्याहून दुसरा भाग भारी!" मेंढरं त्या शेतातच राहिली. बाप त्या दिवशी किती खूश होता ते आठवलं की मल्हारीला अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

परतीच्या गाडीत सांडू खिडकीशी बसला होता. फुलंब्री आली तेव्हा म्हणाला, "टांगेवाल्याला मारलास व्हय रं. मी कव्हा मारला नव्हता त्याला."

त्यानंतर लिंबाखाली सांडू पिच्चर सांगायचा, पण पहिलाच भाग. पुढं काय झालं म्हणून विचारलं तर डबा बंद करून उठायचा. कुणाला कारण कळलं नाही, मल्हारी सोडून. थोड्या दिवसांनी वाळूजला नवे कारखाने निघाले आणि सांडू तिकडे कामाला लागला. जाताना त्याने सगळ्यांचा निरोप घेतला. मल्हारी मुद्दाम स्टोअरमध्ये काहीतरी आणायला गेला होता.

पुढच्या हिवाळ्यात म्हाळसाबाईने वाडीवरून एक घोंगडी पाठवली. लोकर तिने स्वतः कातलेली, विणकराकडून विणून घेतलेली, काळीभोर. निरोप असा, की फुलंब्रीच्या लेकाला दे. मल्हारीने ती पेटीत टाकली. पुढच्या खेपेला आईने विचारलं, "दिली?" तो म्हणाला, "दिली. लई आवडली." दुसऱ्या हिवाळ्यात दुसरी आली. "दिली?" "दिली." मग दरसाल. बानाबाईने एकदा विचारलं, की एवढ्या घोंगड्या आपल्या लेकरांना सोडून पेटीत का कुजवता? तो तिच्यावर ओरडला. दोन घरं सोडून ऐकू गेलं असेल. ज्याची चूक असते तोच मोठ्याने ओरडतो.

सांडू राहायला मात्र मुकुंदवाडीलाच आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. कामावर जाताना सायकल तिथूनच जायची. पुढे पुढे तो वळसा घालून जायला लागला.

अशी वर्षं गेली. सूर्यभान वारला, मेंढरं विकली गेली. आणि चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. शहराच्या एका अंगाला ढोल आणि निळे झेंडे, दुसऱ्या अंगाला बंद दुकानं. खेड्यांकडच्या कितीतरी गाड्या बंद होत्या. त्या सुरू झाल्या तशी म्हाळसाबाई एके सकाळी गारखेड्याच्या खोलीच्या दारात उभी. काखेत नवी घोंगडी, पदरात तिळगूळ.

"हात थरथरत्यात आता," ती म्हणाली. "सूत तुटतंय. ही शेवटची. ही मी मपल्या हातानं देणार. चल, मव्हा ल्योक दाव. त्यांचं नाव लागलं म्हणत्यात, खूश आसंल."

मल्हारी हातातला चहा विसरला. "त्यांचं? तुला... तुला ठाऊक व्हतं?"

"मला बहिणी किती व्हत्या ते मला ठाऊक नसंल व्हय?" म्हातारी म्हणाली. "तो कप त्यानं कसा खाली ठिवला ते मी बघितलं. तव्हाच कळलं."

"मग भंडारा काहून लावला?"

"तू खोटं बोलून बसला व्हतास. मव्ह्याच पोटचा. मी तरी काय करू? पर देवाचा भंडारा लावून बोललेलं खोटं तसंच ठिवता येत नाय, बाबा. ते खरं करावं लागतं. म्हणून तर दरसाल धाडते."

पेटी खाटेखाली होती, म्हातारीच्या पायाजवळ. मल्हारीने तिकडे पाहिलं नाही. त्याच्या मनात आलं, की सांडू वाळूजला राहायला गेला म्हणून सांगावं. पण बानाबाई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने चपला घातल्या.

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत अजून निळ्या पताका लागलेल्या होत्या. सांडू घरीच होता. केस पिकलेले, अंग भरलेलं. दारात मल्हारी दिसला तेव्हा त्याचा चेहरा दगडासारखा राहिला. मग मागे म्हाळसाबाई दिसली आणि तो पटकन उठून पुढे आला. त्याची बायको कडूबाई पाणी घेऊन आली. म्हाळसाबाई तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायली, तिने तिळगूळ दोघांच्या हातावर ठेवला आणि नवी घोंगडी सांडूच्या मांडीवर ठेवली.

"ल्योका, दरसाल धाडते," ती म्हणाली. "ऊब लागती का?"

कडूबाई म्हणाली, "कोणती हो मावशी? आमाला तर..." सांडूने तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. मग त्याने मल्हारीकडे पाहिलं. मल्हारी जमिनीकडे बघत होता. आता हा काय बोलतो त्यावर आईच्या डोळ्यांतली आपली उरलीसुरली किंमत टांगलेली आहे, एवढंच त्याला कळत होतं.

"लागती, मावशी," सांडू म्हणाला.

"दाव बरं. कसर तर नाय ना लागली? जुन्याला मला डागडुजी करता येईल."

सांडूने नव्या घोंगडीवरून हात फिरवला.

"आमचं घर लहान, मावशी," तो सावकाश म्हणाला. "त्या मल्हारीकडं ठिवल्यात."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हाळसाबाईने मान वळवली आणि लेकाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि ती रागावली नाही, हेच त्याला सोसेना.

"मग घेऊन ये," ती म्हणाली. "आत्ताच जा. आमी बसतो."

तो सायकल दामटत गारखेड्याला गेला. पेटी ओढली, झाकण उघडलं. वरच्या घोंगड्या ठीक होत्या. खालच्या हातात घेतल्या तर भुगा गळत होता. कसर लागली होती, पार जाळी झाली होती. त्यातल्या दोन टाकून द्याव्यात, आईला दिसणार तरी नाहीत, असं त्याच्या मनात आलं. माणूस सुधारायला निघाला तरी मन आधी जुनीच वाट धरतं. बानाबाईने सगळ्याच उचलून सायकलच्या कॅरेजला बांधल्या.

भरदुपारी त्या ढिगासह तो गल्लीत शिरला तेव्हा पोरं मागे लागली, बाया दारात आल्या. कडूबाईने अंगणात दोरी बांधून ठेवली होती. म्हाळसाबाई एकेक घोंगडी उलगडत होती. तळातल्या पहिल्या घोंगडीला, त्या जत्रेनंतरच्या पहिल्या हिवाळ्यातल्या, तळहाताएवढं भोक होतं. तिने त्यातून बोटं घातली आणि पलीकडे काढून बघितली.

"माणसाच्या अंगावर आसती तर कसर लागली नसती," ती म्हणाली, आणि पुढची उलगडायला घेतली.

मल्हारी सांडूजवळ गेला. वर्षानुवर्षं मनात जुळवलेली वाक्यं होती. सांडूनेच बारीक आवाजात म्हटलं, "म्हातारीसाठी बोललो. तुह्यासाठी नाय. पर ह्या मव्ह्या हेत, ह्या मी ठिवून घेणार. भोकासकट." मग त्याने ढिगातली एक त्याच्या हातात दिली. "धर तिकडून. उनात घालू."

दोघांनी दोन टोकं धरली. एवढ्यात समोरच्या घरातला म्हातारा काठी टेकत आला. अंगणभर पसरलेल्या काळ्या घोंगड्या बघून त्याला नवल वाटलं. त्याने काठी मल्हारीच्या दिशेने केली.

"सांडू, हा कोण?"

मल्हारीच्या हातातलं टोक थांबलं. अंगणातली माणसं बघत होती. सांडूला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. त्यानेच ते लिंबाखाली पहिल्यांदा सांगितलं होतं. आता त्याने मनात आणलं असतं तर मल्हारीचं सांगितलेलंही सांगता आलं असतं, की आसंल कोणी वाटसरू.

सांडूने घोंगडीचं टोक दोरीवर टाकलं, सुरकुती काढली.

"हा व्हय?" तो म्हणाला. "मव्ह्या मावशीचा ल्योक."

दोस्त म्हणाला नाही. म्हातारा बरं म्हणाला आणि गेला. मल्हारीने खाली वाकून पुढची घोंगडी उचलली, तिच्यातला भुगा झटकला आणि सांडूने तिचं दुसरं टोक धरायची वाट बघत तो उभा राहिला.